मोटारीचा रंग : घासणे आणि झाकणे

मराठी घरात ‘पॉलिश’ हा एकच शब्द दोन परस्परविरुद्ध क्रियांसाठी वापरला जातो. बुटाला पॉलिश करताना कातड्यावर मेण चढवले जाते. सुतार टेबलाला पॉलिश करतो तेव्हा चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे पातळ हात लाकडावर देतो. या दोन्ही ठिकाणी वस्तूवर काहीतरी अधिक बसते. पितळेची समई किंवा चांदीची वाटी उजळताना मात्र नेमके उलटे घडते. काळवंडलेला थर घासून टाकला जातो आणि त्याबरोबर धातूचाही अत्यल्प अंश निघून जातो. मोटारीचे पॉलिश हे या दुसऱ्या जातीचे आहे. ते रंगावर काही चढवीत नाही, रंगातून काही काढून नेते. चढविण्याचे काम मेणाचे. बाजारात मात्र दोन्हींच्या बाटल्या एकाच फळीवर मांडलेल्या असतात, वेष्टनावर दोन्हींची नावे कधी कधी एकत्र छापलेली असतात आणि चमक येते एवढ्या एका खुणेवरून ग्राहक निवड करतो. या गोंधळाची किंमत मोटारीच्या रंगाला मोजावी लागते.

ही किंमत केवढी, हे कळण्यासाठी रंगाच्या जाडीची कल्पना असणे आवश्यक आहे. कारखान्यातून निघालेल्या मोटारीच्या पत्र्यावर सामान्यतः चार थर असतात. गंज रोखणारा पहिला थर, त्यावर अस्तर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण. या चारही थरांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. त्यांपैकी वरचे पारदर्शक रोगण, ज्याला कारागीर ‘क्लिअर कोट’ म्हणतात, ते ३५ ते ५० मायक्रॉन जाड असते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर मोटारीची सारी चमक केसाहूनही पातळ अशा एका पापुद्र्यावर अवलंबून आहे असे म्हणावे लागते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण अडविणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. हलक्या पॉलिशने एका वेळी या थराचा मायक्रॉनभर किंवा त्याहून कमी भाग जातो. जाड कंपाऊंडने त्याच्या कित्येक पट जातो. गेलेला भाग पुन्हा येत नाही. थर फार पातळ झाला की उन्हाने तो टपावर आणि बॉनेटवर पांढुरका पडून सुटू लागतो आणि मग नव्याने रंग देण्यावाचून उपाय उरत नाही.

जुन्या मोटारींची रचना वेगळी होती. अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी या गाड्यांवर वेगळे पारदर्शक रोगण नसे. रंगाचा थर हाच शेवटचा थर. काही वर्षांत तो उन्हाने निस्तेज व खडूसारखा होई आणि कंपाऊंडने घासताच खालचा ताजा रंग वर येई. त्या काळी दर दिवाळीला ‘रबिंग-पॉलिश’ करून घेण्याची जी रीत पडली, ती त्या रंगाला काही अंशी मानवणारी होती. रंग बदलले, रीत मात्र तशीच राहिली. आपल्या गाडीवर कोणत्या जातीचा रंग आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. एखाद्या आडोशाच्या जागी ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन हळूच घासावे. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर थर जुन्या पद्धतीचा. फडके रंगहीन राहिले किंवा केवळ मळके झाले तर वर पारदर्शक रोगण आहे असे समजावे.

हा विषय कोणत्याही गावी लागू असला तरी छत्तीसगडची राजधानी रायपूर हे त्याच्या अभ्यासाचे विशेष उपयुक्त ठिकाण आहे, कारण मोटारीच्या रंगाचे बहुतेक शत्रू या एका शहरात एकत्र भेटतात. शहराच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नचे कारखाने आणि रोलिंग मिल आहेत. पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटरवर भिलाईचा पोलाद कारखाना आहे. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. नागपूरहून येणारा मोठा लोहमार्ग शहरातून पुढे हावड्याकडे जातो. स्पंज आयर्न करताना लोहखनिज वितळवीत नाहीत. दगडी कोळशाबरोबर ते फिरत्या भट्टीत सुमारे हजार अंश तापमानाला भाजून त्यातील प्राणवायू काढून घेतात. या साऱ्या उद्योगात धूळ उडते आणि तिच्यात काजळीबरोबर लोहाचे सूक्ष्म कणही असतात. रायपूरच्या गच्च्यांवर सकाळी बोट फिरविले तर काळे होते, ही तेथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वाचकाला कोळशाची धूळ व राख परिचित असेल, जालन्याच्या वाचकाला लोखंडाची.

लोहाचा कण साध्या मातीच्या कणासारखा वागत नाही. तो रंगावर बसतो, दवाने व पावसाने गंजतो, गंजताना फुगतो आणि भोवतालच्या रोगणाला घट्ट धरून ठेवतो. पांढऱ्या गाडीवर, विशेषतः मागील दारावर आणि चाकांच्या वर, असे नारिंगी-तपकिरी ठिपके स्पष्ट दिसतात. काळ्या गाडीवर ते दिसत नाहीत, पण असतात. पाश्चात्य देशांत या कणांना रेल्वेची धूळ असे नाव पडले, कारण रेल्वेने पाठविलेल्या नव्या मोटारींवर रूळ आणि चाके यांच्या घर्षणातून उडालेले कण बसलेले आढळत. मोटारीचे स्वतःचे ब्रेकही अशी धूळ सोडतात.

पहिली मोठी चूक येथेच होते. धुतल्यावरही न निघालेला हा खडबडीतपणा घालविण्यासाठी लोक थेट पॉलिश हाती घेतात. मग पॉलिशच्या फडक्याखाली लोहकण सापडतात, उपटले जातात आणि स्वतःच ओरखडे काढीत फिरतात. ज्या रंगाला चकचकीत करावयाचे, त्यालाच कानस लागते. म्हणून रायपूरसारख्या गावी खरेदीच्या यादीत पॉलिशच्या आधी लोह काढणारे द्रावण येते. अशा बऱ्याच द्रावणांत थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार असतो. केस कुरळे करण्याच्या आणि अनावश्यक केस काढण्याच्या प्रसाधनांत वापरले जाते तेच हे रसायन, आणि त्याचा उग्र, गंधकी वासही तसाच. लोहाशी त्याचा संयोग झाला की जांभळा रंग येतो. धुतलेल्या, थंड गाडीवर ते फवारल्यावर जांभळे ओघळ उतरू लागले तर रंगात लोह होते याचा पुरावा डोळ्यांसमोर मिळतो; ओघळ न आले तर पुढच्या वेळी हा खर्च टाळता येतो. द्रावण सावलीत वापरावे, हातमोजे घालावेत आणि ते वाळण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवावे.

यानंतरही काही कण राहतातच. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून ओल्या पत्र्यावरून बोटे फिरविली की ते रवाळ लागतात. उघड्या बोटांना जे कळत नाही ते पिशवीतून कळते. त्यांच्यासाठी ‘क्ले’ नावाची मऊ वडी मिळते. नाव चिकणमातीचे असले तरी ती कृत्रिम, लवचिक अशी लुकणासारखी वस्तू आहे. तिचा प्रसार प्रथम जपानमधून झाला. साबणाच्या पाण्याने पत्रा निसरडा करून ती हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवितात आणि मळली की दुमडून स्वच्छ बाजू घेतात. ती एकदा जमिनीवर पडली की फेकून द्यावी. तिच्यात रुतलेला वाळूचा एक खडा दिवसभराच्या श्रमाचे वाटोळे करण्यास पुरेसा असतो.

रायपूरच्या भूगर्भाचाही या विषयाशी संबंध आहे. शहर ज्या मैदानावर वसले आहे त्याच्या पोटात चुनखडक आहे, आणि त्याच्याच आधारावर या भागात सिमेंटचे कारखाने उभे राहिले. साहजिकच बोअरिंगच्या पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. अशा पाण्याने धुतलेली गाडी उन्हात आपोआप वाळू दिली की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरे कडे उमटते. येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. मेण लावलेल्या पत्र्यावर पाणी पसरत नाही, त्याचे टपोरे थेंब होतात, आणि मालक ते थेंब कौतुकाने पाहत राहतो. पण जड पाण्याचा टपोरा थेंब वाळला की त्यातील सारा क्षार एकाच ठिकाणी साचतो. तेव्हा मेण कितीही उत्तम असले तरी धुतल्यावर गाडी ताबडतोब मऊ टॉवेलने टिपून घेणे चुकत नाही. ताजे डाग पांढरा सिरका तितक्याच स्वच्छ पाण्यात मिसळून टिपले आणि लगेच धुतले तर बहुधा निघतात, कारण चुन्याचा क्षार सौम्य आम्लात विरघळतो. महिनोन्‌महिने राहिलेला डाग मात्र रोगणात खड्डा पाडून बसतो. त्याला पॉलिशच हवे.

या दोहोंपेक्षाही अधिक हानी करणारी गोष्ट घरोघरी रोज सकाळी घडते आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. गाडीवरची कोरडी धूळ कोरड्या फडक्याने पुसणे ही ती गोष्ट. धुळीत वाळू, म्हणजे गारेचे कण, असतात आणि ते रोगणापेक्षा कितीतरी कठीण असतात. पुसणारा हात गोल फिरतो, आणि काही महिन्यांनी उन्हात किंवा रस्त्याच्या दिव्याखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसू लागतात. मग ती घालविण्यासाठी पॉलिश आणले जाते, रोगणाचा थोडा भाग जातो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तेच फडके पुन्हा फिरते. हे चक्र थांबविले नाही तर उत्तम पॉलिशही व्यर्थ आहे. बादलीभर पाणी आणि मोटारीसाठीचा सौम्य शाम्पू हे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी द्रव्य होय. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण मेणाचा थर उतरवितात. बादलीत रॉकेल टाकून पुसण्याची जुनी युक्ती तर सर्वस्वी त्याज्य आहे; तिने येणारी चमक म्हणजे तेलाचा पातळ थर असतो, त्यावर दुपारपर्यंत दुप्पट धूळ चिकटते आणि खिडक्यांच्या रबरी पट्ट्या खराब होतात.

आता पॉलिशची निवड. प्रत्येक पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते. आज ती बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. पूड जितकी भरड तितके ओरखडे लवकर जातात आणि तितकेच रोगणही. दुकानात ‘कंपाऊंड’, ‘पॉलिश’ आणि ‘फिनिशिंग पॉलिश’ अशी जी नावे दिसतात, ती या भरडपणाची उतरती पायरी आहे. कोणती घ्यावी हे ठरविण्याचा नियम एकच : सर्वांत बारीक पॉलिशने एक हातभर जागा करून पाहावी, आणि तेवढ्याने भागले तर पुढे जाऊ नये. ओरखड्यावरून नख आडवे फिरविताना ते अडकत असेल, तर ओरखडा पॉलिशच्या आवाक्याबाहेर आहे. तो घालविण्याच्या नादात भोवतालचे रोगण झिजते. कंपाऊंडची बाटली घरी बाळगू नये हेच बरे, कारण ती हाताशी असली की वापरली जाते. दात घासण्याच्या पेस्टने ओरखडे जातात हे खरे, पण तिच्यातील पूड दातांच्या हिशोबाने तयार केलेली असते, रोगणाच्या नव्हे. काही पॉलिशे तेलकट द्रव्यांनी ओरखडे भरून काढतात. ती लावल्या दिवशी गाडी निर्दोष दिसते आणि चार वेळा धुतल्यावर सारी वर्तुळे परत येतात. हे वाईटच असे नाही. ज्याच्या गाडीचे रोगण आधीच पातळ झाले आहे त्याच्यासाठी भरून काढणे हे झिजविण्यापेक्षा केव्हाही चांगले. फक्त आपण काय विकत घेत आहोत हे ठाऊक असावे.

हाताने पॉलिश करणे कष्टाचे असले तरी सुरक्षित आहे. यंत्र घ्यावयाचे असल्यास ज्याची चकती फिरता फिरता हेलकावेही घेते असे दुहेरी गतीचे घ्यावे. एकाच जागी वेगाने गरगर फिरणारे यंत्र अनुभवी कारागिराच्याच हाती शोभते. नवख्याच्या हातून ते बॉनेटच्या कडेला, जेथे रंग मुळातच पातळ असतो, तेथे क्षणात खालचे अस्तर उघडे पाडते.

मेणाचा विचार यानंतर येतो. मेणांत सर्वाधिक नाव कार्नोबाचे आहे. ते ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर मिळते. त्या रखरखीत प्रदेशात पानांतील पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड स्वतःवर मेणाचा थर धरते. पाने कापून, वाळवून आणि झोडपून तो काढला जातो. मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते, कार्नोबा ८२ अंशांच्या पुढे. रायपूरच्या मे महिन्यात पारा ४४–४५ अंशांवर जातो तेव्हा उन्हात उभ्या असलेल्या काळ्या गाडीचा पत्रा ७० अंशांच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून हा फरक केवळ प्रयोगशाळेतला राहत नाही. मऊ मेण तेथे ढिले होते आणि धूळ धरते. परंतु शुद्ध कार्नोबा इतके कठीण व ठिसूळ असते की ते फडक्याने लावताच येत नाही. त्यात विद्रावक, तेले आणि अन्य मेणे मिसळावीच लागतात. ‘शंभर टक्के कार्नोबा’ असे डबीवर लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ डबीतील मेणाचा भाग कार्नोबाचा आहे एवढाच होऊ शकतो. डबीत किती मेण आहे हे त्यातून कळत नाही.

छत्तीसगडच्या वाचकाच्या मनात येथे एक स्वाभाविक प्रश्न येईल. कुसुम, पळस आणि बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसणाऱ्या या राज्यात मोटारीसाठी ब्राझीलचे मेण कशाला? घराच्या दाराला जी लाख इतकी शोभते ती गाडीला का चालू नये? उत्तर असे की लाखेचा थर उष्णतेने मऊ होतो आणि पाणी साचून राहिले की पांढरा पडतो. गरम कपाने टेबलावर उठणारे पांढरे कडे सर्वांनी पाहिलेले असते. टेबल घरात राहते, मोटार पावसात. तरीही लाकडाचे आणि मोटारीचे पॉलिश यांचे नाते अगदीच दूरचे नाही. मोटारीच्या पॉलिशसाठी पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मेग्वायर्स या अमेरिकी कंपनीचा आरंभ १९०१ मध्ये इंडियाना राज्यात लाकडी सामानाच्या पॉलिशपासून झाला.

रायपूरच्या हवेत उत्तम मेणही काही आठवडे, फार तर दोन-अडीच महिने टिकते. ज्याला दर दोन महिन्यांनी सुटीची सकाळ यासाठी देणे जमत नाही, त्याने कृत्रिम बहुवारिकांचा ‘सीलंट’ निवडावा. त्याची झळाळी काहींना मेणापेक्षा कोरडी वाटते, पण तो उष्णता अधिक सोसतो आणि बहुधा चार-सहा महिने काम देतो. मेण व सीलंट या दोहोंतही सिलिकोन असू शकते. चमक आणि निसरडेपणा यांसाठी ते उत्तम आहे. परंतु गाडीचा एखादा भाग पुन्हा रंगवावयाचा असेल तेव्हा ते पूर्णपणे न काढल्यास नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. रंगाऱ्याला आधी सांगून ठेवलेले बरे.

‘टेफ्लॉन’ या नावाने होणाऱ्या लेपनाबद्दल सावध असावे. १९३८ मध्ये सापडलेला हा पदार्थ ३२७ अंशांना वितळतो आणि तव्यावर त्याचा थर बसविण्यासाठी त्याहून अधिक तापमान द्यावे लागते. मोटारीच्या रंगाला ते देणे शक्य नाही. अशा लेपनात जी चमक दिसते ती बहुतांशी त्यातील मेणाची किंवा सिलिकोनची असते, आणि तिचा विचार त्याच भावाने करावा. सिरॅमिक लेपनाची गोष्ट वेगळी आहे. ते रोगणाला खरोखर चिकटते आणि आम्ल व उष्णता यांना चांगले तोंड देते. पण त्याची जाडी मायक्रॉनच्या आसपासच असते. खडा लागून उडणारा टवका ते थांबवीत नाही, आणि ‘९-एच’ ही जी कठीणता सांगितली जाते ती पेन्सिलींच्या मोजपट्टीवरची आहे, हिऱ्याच्या नव्हे. शिवाय लेपनापूर्वी राहिलेला प्रत्येक ओरखडा आणि लोहकण त्याच्याखाली बंद होतो. घरी प्रथमच हे काम करणाऱ्याने सीलंटवर थांबावे.

रायपूरच्या ऋतुमानात या कामासाठी दोन वेळा सोयीच्या आहेत. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण ओसरलेला असतो आणि पत्रा सकाळी थंड असतो. लोह काढणे, क्ले आणि गरज असल्यास पॉलिश ही सारी कामे वर्षातून एकदा, याच वेळी करावीत. दुसरी वेळ मेच्या अखेरीची, पावसाच्या आधी. तेव्हा केवळ धुऊन सीलंटचा एक हात द्यावा. मेण असो वा सीलंट, ते इतके पातळ लावावे की लावलेले जेमतेम दिसावे. जाड लावल्याने संरक्षण वाढत नाही, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात. काळ्या प्लॅस्टिकच्या भागांवर कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी, नाहीतर तेथे पांढरट डाग राहतो.

मेण लावलेल्या गाडीवरही पक्ष्यांची विष्ठा दिसताच ओल्या फडक्याने भिजवून उचलावी. ती आम्लधर्मी असते. उन्हाने रोगण मऊ होते, रात्री ते आकसते आणि विष्ठेचा ठसा त्यात कायमचा उमटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मोहरलेल्या आंब्याखाली गाडी उभी करणाऱ्यांना आणखी एक अनुभव येतो : मोहरावरील तुडतुडे जो चिकट गोड रस टाकतात त्याचे बारीक शिंतोडे टपभर पडतात. ते कोमट पाण्याने भिजवून ठेवावेत आणि पाच-दहा मिनिटांनी धुवावेत. मेणाचा थर शाबूत असेल तर ते घासावे लागत नाहीत.